‘पेशी कमी झाल्या’ : औषधबाधेच्या मराठी भाषेची चिकित्सा

१

परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा कोशाच्या अंगाने होते. एखादी संज्ञा मूळ धातूपासून नीट साधली आहे काय, तिचे लिंग कोणते, तिच्यापासून विशेषणे सुलभतेने बनतात की नाही, एवढ्यावर ती चर्चा थांबते. ज्या माणसाच्या जिवाशी ती संज्ञा निगडित आहे त्याच्या तोंडी ती बसते काय, आणि बसत नसल्यास तिच्या रिकाम्या जागी कोणता शब्द येऊन बसतो, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वैद्यकाच्या क्षेत्रात तरी तो विचारावयास हवा. कारण येथे शब्द चुकला तर वाक्य चुकते, वाक्य चुकले तर निदानास विलंब होतो.

प्रस्तुत लेखाचा विषय मर्यादित आहे. औषध घेतल्यानंतर शरीरास होणारा अपाय, आणि त्यांतही रक्तातील प्लेटलेटांची संख्या घटणे, ह्याविषयी मराठी भाषा काय बोलते आणि काय बोलू शकत नाही, हे पाहावयाचे आहे. त्यासाठी लागणारी सामग्री दूर शोधण्याचे कारण नाही. आपल्या शहरातील पुंडलिकनगर-गारखेडा भागात पावसाळा सरता सरता कोणत्याही औषधांच्या दुकानापुढे किंवा रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या दारात पुढील वाक्ये कानी पडतात : ‘पेशी कमी झाल्या’, ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्या’, ‘गोळ्या गरम पडल्या’, ‘औषधाची रिअ‍ॅक्शन आली’, ‘इंग्रजी औषध म्हटले की साइड इफेक्ट असायचाच’. जालना, बीड, परभणीकडून येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांची ही वस्ती असल्यामुळे ह्या वाक्यांना एका गल्लीपुरते मानण्याचे कारण नाही. मराठवाड्याच्या बोलण्याचा तो सर्वसाधारण नमुना होय. ह्या पाच वाक्यांची चिकित्सा केली तर आपल्या परिभाषेचे बळ आणि तिची उणीव ही दोन्ही स्पष्ट होतील.

२

प्रथम ‘पेशी’ हा शब्द. सुश्रुताच्या शारीरस्थानात पेशी म्हणजे मांसाचा गोळा, स्नायुद्रव्य. त्याने शरीरात पाचशे पेशी मोजल्या आहेत. हिंदीने ‘मांसपेशी’ ह्या समासात तो जुना अर्थ जपला आणि जीवशास्त्रातील मूलघटकासाठी ‘कोशिका’ हा शब्द घेतला. मराठीत उलट झाले : मांसाला ‘स्नायू’ मिळाला व ‘पेशी’ हा शब्द जीवशास्त्राकडे गेला. शाळेच्या पुस्तकांतून तो घरोघर पोचला, आणि आज तो पूर्णपणे लोकांचा आहे.

काटेकोरपणे पाहू गेल्यास प्लेटलेट ही पेशी नव्हे. अस्थिमज्जेत महाकेंद्रक नावाची मोठी पेशी असते. तिच्या जीवद्रव्याचे तुटलेले तुकडे म्हणजे प्लेटलेट. तिला केंद्रक नसते, ती दोन-तीन मायक्रोमीटर रुंद असते व सात ते दहा दिवस जगते. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात अशा सुमारे दीड ते साडेचार लाख प्लेटलेटा असतात. इटालियन शास्त्रज्ञ ज्युलिओ बिझोझेरो ह्याने १८८२ मध्ये रक्त गोठण्यातील त्यांचे कार्य दाखवून दिले. युरोपीय भाषांनी त्यांना ‘लहान तबकडी’ ह्या अर्थाचे लघुत्वदर्शक नाव दिले. मराठी विश्वकोशाचा ‘बिंबाणू’ आणि शालेय पुस्तकांतील ‘रक्तपट्टिका’ हे दोन्ही शब्द त्याच कल्पनेचे अनुवाद आहेत : एकाने तबकडीचे गोल बिंब घेतले, दुसऱ्याने तिचा सपाटपणा.

दोन्ही शब्द सदोष नाहीत. पण दोन्ही शब्द रुग्णाच्या तोंडी नाहीत. तेथे ‘प्लेटलेट्स’ आहे, आणि त्याहून अधिक ‘पेशी’ आहे. ‘प्लेटलेट्स कमी झाल्या’ ह्या वाक्यातील क्रियापदाचे लिंग लक्षणीय आहे. इंग्रजीतून आलेल्या, लिंगाची कोणतीही खूण नसलेल्या ह्या नामाला मराठीने स्त्रीलिंग दिले, ते ‘पेशी’च्या छायेमुळे होय. इंग्रजी अनेकवचनाचा प्रत्ययही मूळ शब्दाचाच भाग समजला गेला आणि ह्या नामाचे एकवचन व्यवहारात उरलेच नाही. म्हणजे शब्द परका असला तरी त्याचे व्याकरण मराठीने आपल्या घरचे केले आहे. अशा शब्दाला परका म्हणून हाकलू पाहणे व्यर्थ आहे. प्लेटलेटेस ‘पेशी’ म्हणणे ही शास्त्रदृष्ट्या ढिलाई असली तरी तीमुळे कोणाचे अहित होत नाही. अहित होते ते दुसऱ्या वाक्यामुळे.

३

‘पांढऱ्या पेशी कमी झाल्या’ असे म्हणणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा प्लेटलेटा असतात. हा विशेषणाचा प्रमाद कोठून आला असावा? लोकमानसात रक्ताचे दोनच रंग आहेत. ‘अंगात रक्त कमी आहे’ असे म्हटले की तांबड्या पेशींचा विषय संपतो. उरलेले सारे ‘पांढरे’. तिसऱ्या घटकाला त्या विभागणीत घरच नाही, म्हणून तो दुसऱ्याच्या घरात राहतो. रुग्णालयात चढविण्यासाठी आणलेली प्लेटलेटांची पिशवी फिकट पिवळसर दिसते, तांबडी दिसत नाही. हे दृश्यही त्या समजास पोषक ठरत असावे. वृत्तपत्रांनी हा शब्दप्रयोग उचलून त्याला छापील प्रतिष्ठा दिली.

ह्यात आणखी एक गुंतागुंत आहे. डेंग्यूमध्ये प्लेटलेटांबरोबर खऱ्या पांढऱ्या पेशीही पुष्कळदा घटतात. त्यामुळे ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्या’ हे वाक्य त्या रोगात योगायोगाने खरे ठरते, आणि खरे ठरल्यामुळेच चुकीचा अर्थ दुरुस्त होत नाही. भाषेतील दृढ होऊन बसलेल्या चुका बहुधा अशाच असतात : त्या अर्धसत्याच्या आश्रयाने टिकतात.

मात्र डेंग्यूकडून औषधाकडे वळताच हे अर्धसत्य धोक्याचे होते. वाढलेल्या थायरॉइडवर देण्यात येणारे कार्बिमाझोल किंवा मनोविकारावर देण्यात येणारे क्लोझापिन ही औषधे क्वचित खऱ्या पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात घटवितात. तेव्हा रुग्णाने सावध व्हावयाचे ते घसा दुखणे, तोंड येणे आणि ताप ह्यांविषयी, कारण संसर्गाला तोंड देणारे सैन्यच नाहीसे झालेले असते. याउलट क्विनीन, ज्याला आपल्या आजोबांची पिढी ‘कोयनेल’ म्हणे, ते प्लेटलेटांचा घात करू शकते. तेव्हा सावध व्हावयाचे ते रक्तस्रावाविषयी. एका औषधाने ताप पाहावयाचा, दुसऱ्याने रक्त पाहावयाचे. दोन्ही घटनांना एकच नाव असेल, तर वैद्याने दिलेली सूचना घरी पोचेपर्यंत बदलून जाते. शुद्धलेखनाच्या चुकीपेक्षा ही चूक निराळ्या जातीची आहे. दोन स्वतंत्र संकटांतील सीमारेषाच तीमुळे पुसली जाते.

४

आता ‘कमी झाल्या’ हे क्रियापद. मराठीत ‘कमी होणे’ हे अकर्तृक आहे. कोणी कमी केल्या, हे ते सांगत नाही आणि विचारूही देत नाही. व्याकरणाने कर्त्याची जागा रिकामी ठेवली की ऐकणारा ती त्या ऋतूतील परिचित कर्त्याने भरतो : ‘डेंग्यू असेल’. तो तसा असतोही. परंतु ज्याला ताप नाही, आणि जो दोन आठवड्यांपूर्वी नवे औषध सुरू करून बसला आहे, त्याच्याही बाबतीत तेच वाक्य तीच दिशा दाखविते.

शिवाय ‘कमी’ हा तुलनेचा शब्द आहे. कशाहून कमी, हे त्यात अध्याहृत राहते. प्रयोगशाळेचा कागद तुलना करतो ती सर्वसामान्य माणसाशी : दीड लाखाच्या खाली गेले तर कमी. रुग्णाच्या दृष्टीने दुसरी तुलनाही तितकीच महत्त्वाची असते, ती त्याच्याच आधीच्या आकड्याशी. हेपारिन ह्या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचे उदाहरण घ्यावे. ते सुरू केल्यावर साधारणतः पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान काही थोड्या रुग्णांच्या प्लेटलेटा निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतात. तीन लाखांवरून दीड लाखावर आलेला आकडा कागदावर ‘योग्य’ मर्यादेत असतो. पण तो संकटाची सूचना असू शकतो. येथे ‘कमी आहेत’ हे असत्य आणि ‘कमी झाल्या’ हे सत्य आहे. स्थिती आणि स्थित्यंतर ह्यांतला हा भेद मराठी क्रियापदे उत्तम रीतीने दाखवितात. बाजारभावासाठी आपण ‘उतरला’ आणि ‘पडला’ ह्यांत फरक करतो. रक्ताच्या आकड्यासाठी तोच फरक करण्यास भाषा कमी पडत नाही, आपली सवय कमी पडते.

हेपारिनच्या ह्याच उदाहरणाने आणखी एक प्रचलित समज मोडतो. प्लेटलेटा घटल्या म्हणजे रक्तस्राव होणार, असे आपण गृहीत धरतो. ह्या बाधेत मात्र प्रतिद्रव्ये प्लेटलेटांना उद्दीपित करतात आणि रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. दुसरीकडे ॲस्पिरिन प्लेटलेटांची संख्या सहसा बदलत नाही. ती त्यांचे काम बंद पाडते, आणि तेही त्या प्लेटलेटेच्या आयुष्यभरासाठी. म्हणून डेंग्यूच्या तापात ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक टाळून पॅरासिटामॉल घ्यावे, असे सांगितले जाते. लोकभाषेत ह्या सर्वांसाठी ‘रक्त पातळ होणे’ हा एकच वाक्प्रचार आहे. संख्या घटणे, कार्य थांबणे आणि गोठण्याची साखळी तुटणे ह्या तीन घटना त्यात एकवटल्या आहेत. रक्त दाट किंवा पातळ होत नसते, हे सांगून हा वाक्प्रचार जाणार नाही. परंतु ‘पेशी किती आहेत’ आणि ‘पेशी काम करतात काय’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत, एवढे तरी साध्या मराठीत सांगता येते.

संख्या घटण्याचे मार्गही दोन. कर्करोगावरील अनेक औषधे, किंवा औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर महिनोन् महिने द्यावे लागणारे लायनेझोलिड, ही मज्जेतील उत्पादन मंदावतात. ती घट सावकाश होते, म्हणून ठराविक अंतराने रक्त तपासून ती आधीच पकडता येते. क्विनीनची गोष्ट वेगळी. तेथे औषधाच्या सान्निध्यातच प्लेटलेटेला चिकटणारी प्रतिद्रव्ये तयार होतात आणि चालत्या-फिरत्या प्लेटलेटांचा नाश होतो. एकदा असे घडलेल्या माणसाने ते औषध पुन्हा घेतले तर काही तासांतच आकडा कोसळतो. औषध थांबविले की बहुधा आठवडाभरात तो सावरतो. क्विनीनमुळे अंगावर रक्ताचे ठिपके उठतात, हे व्हिपन ह्या इंग्रज वैद्याने १८६५ मध्येच नोंदविले होते. ‘उत्पादन घटले’ आणि ‘नाश झाला’ ह्या दोन वाक्यांना लोकभाषेचे एकच वाक्य पुरते. पण पहिल्यात पुढील तपासणीची तारीख महत्त्वाची, तर दुसऱ्यात त्या औषधाचे नाव जन्मभर लक्षात ठेवणे महत्त्वाचे.

५

तिसरे वाक्य सर्वांत जुने व म्हणूनच सर्वांत समर्थ आहे : ‘गोळ्या गरम पडल्या’. औषधाने होणाऱ्या अपायासाठी मराठीजवळ शब्द नाहीत, असे जे म्हटले जाते ते खरे नाही. औषध मानवत नाही, सोसत नाही, बाधते, उलटते, गरम पडते. ही क्रियापदांची समृद्धी आहे. ह्यांतील बहुतेक वाक्यांत औषध कर्ता आहे व माणूस चतुर्थीत आहे : ‘मला ही गोळी बाधली’. ‘पेशी कमी झाल्या’ ह्या वाक्यात हरवलेला कर्ता येथे ठळकपणे उभा आहे. ह्या दृष्टीने लोकभाषेची जुनी रचना नव्या रचनेपेक्षा अधिक चौकस होय.

तथापि तिचा दोष वर्गीकरणात आहे. नाकाचा घोळणा फुटला, हिरड्यांतून रक्त आले, अंगावर बारीक तांबडे ठिपके दिसले, मार न लागता नीळ पडली, पाळीला फार जाऊ लागले. ही सारी लक्षणे लोकपरंपरेत ‘उष्णते’च्या खात्यात जमा होतात. प्लेटलेटा घटल्याची लक्षणेही नेमकी हीच. परिणाम असा होतो की बाईने औषध ओळखलेले असते, लक्षण ओळखलेले असते, दोहोंतील संबंधही ओळखलेला असतो. आणि तरी ती वैद्याकडे न जाता सब्जा भिजत घालते, कारण ‘गरम’ ह्या शब्दातच त्याचा उतारा सांगितलेला आहे. निरीक्षण अचूक, नामकरण घातक. अशा बोलण्याकडे अडाणीपणा म्हणून पाहणाऱ्या सुशिक्षिताने हे ध्यानात घ्यावे की निरीक्षणाचा अवघड भाग तिने पार पाडलेला असतो. ‘गरम म्हणजे नेमके काय झाले?’ हा पुढचा प्रश्न विचारण्याचे काम आपले होते.

‘रिअ‍ॅक्शन’ आणि ‘साइड इफेक्ट’ ह्या नव्या शब्दांनी ही उणीव भरून काढली काय? नाही. लोकांनी त्यांची वाटणी केली. एकाएकी येणारी, अंगावर उठणारी ती ‘रिअ‍ॅक्शन’. सावकाश होणारा, अमूर्त, अटळ तो ‘साइड इफेक्ट’. प्लेटलेटांची घट ह्या वाटणीत कोठेच बसत नाही, कारण ती पुष्कळदा रक्त तपासेपर्यंत दिसतच नाही. शिवाय ‘साइड इफेक्ट’ हा एका चिकित्सापद्धतीचा स्वभावधर्म मानला गेल्यामुळे दुसऱ्या पद्धतीची औषधे त्यापासून मुक्त समजली गेली. हा समज आयुर्वेदाच्या नावावर खपतो. पण चरकाच्या सिद्धिस्थानात वमन-विरेचनाच्या ‘व्यापदां’वर स्वतंत्र अध्याय आहे. उपचारातून उद्भवणाऱ्या आपत्तीसाठी प्राचीनांजवळ नेमकी संज्ञा होती. ती आपण विसरलो आणि मग ती आपत्तीच नसते असे म्हणू लागलो.

‘दुष्परिणाम’ हा वृत्तपत्री शब्दही पुरेसा नाही. दारूचेही दुष्परिणाम असतात व पावसाचेही. जागतिक आरोग्य संघटनेने १९७२ मध्ये केलेल्या व्याख्येत तीन अटी आहेत : परिणाम अपायकारक असावा, उद्दिष्ट नसलेला असावा, आणि औषधाची मात्रा नेहमीचीच असावी. म्हणजे अतिमात्रेने झालेली विषबाधा ह्यात येत नाही. ‘दुष्परिणाम’ ह्या शब्दात पहिलीच अट आहे. ‘प्रतिकूल प्रतिक्रिया’ हा सरकारी अनुवाद निर्दोष असूनही निर्जीव आहे. माझ्या मते ‘औषधबाधा’ हा समास अधिक समर्पक होय. ‘विषबाधा’ लोकांना ठाऊक आहे, ‘मला औषध बाधले’ हे वाक्य बोलीत जिवंत आहे, आणि नाम व क्रियापद एकाच कुळातील असल्यामुळे वैद्याचा शब्द व रुग्णाचे वाक्य ह्यांत अंतर पडत नाही. ‘भूतबाधे’ची छाया त्यावर पडते, असा आक्षेप घेता येईल, परंतु ‘विषबाधे’वर ती पडलेली नाही.

६

येथे आपल्याच शहराच्या इतिहासातील एका प्रकरणाचे स्मरण उपयुक्त ठरेल. १९१२ मध्ये मौलवी अब्दुल हक़ अंजुमन तरक़्क़ी-ए-उर्दूचे चिटणीस झाले आणि पुढे अनेक वर्षे त्या संस्थेचे कार्य औरंगाबादेतून चालले. उस्मानिया विद्यापीठात वैद्यकासह सर्व विषय उर्दूतून शिकविण्याचा प्रयोग चालू असताना परिभाषा कशी घडवावी ह्यावर तेथे कसून चर्चा झाली. वहीदुद्दीन सलीम ह्यांनी अरबी व्युत्पत्तीच्या आग्रहाविरुद्ध अशी भूमिका मांडली की उर्दू ही आर्य कुळातील भाषा असल्याने तिच्या स्वतःच्या समास-प्रत्ययांनी शब्द घडवावेत. संज्ञा कोठून आणावी ह्यापेक्षा ती कोणत्या व्याकरणात जगणार आहे, हे आधी पाहावे, असा त्याचा इत्यर्थ. मराठी परिभाषाकारांनी संस्कृतच्या बाबतीत हा विचार पुरेसा केला नाही. ‘बिंबाणू’ संस्कृतात जगतो. ‘प्लेटलेट’ मराठी व्याकरणात जगतो.

म्हणून माझा निष्कर्ष शुद्धिवादी नाही, तसा शरणागतीचाही नाही. ‘प्लेटलेट’ ठेवावा, ‘पेशी’ही ठेवावा, पण ‘पांढरी’ हे विशेषण प्लेटलेटांच्या शेजारी छापू नये. ‘गरम पडली’ ह्या वाक्याची टिंगल करू नये. त्याची फोड करून घ्यावी. आणि कार्यकारणभाव सांगताना मराठीच्या विभक्ती-अव्ययांचा जाणीवपूर्वक उपयोग करावा. ‘औषध चालू असताना’, ‘औषधानंतर’, ‘औषधामुळे असावे’, ‘औषधामुळेच’ ह्या चार पायऱ्या आहेत. औषधबाधेची नोंद घेणारे शास्त्रही निश्चित, संभवनीय, शक्य अशा पायऱ्याच वापरते. भारतीय औषधदक्षता कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे त्याचे समन्वयन आहे. केवळ वैद्यच नव्हे, तर रुग्णही संशयित बाधा कळवू शकतो; त्यासाठी मराठीतून नमुना उपलब्ध आहे आणि १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी आहे. संशय पुरतो, सिद्धता लागत नाही. पण संशय व्यक्त करावयाचा तर वाक्यात औषधाला जागा हवी.

आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे ह्यातून एक काम उभे राहते. बोलींचा अभ्यास आपण नात्यांची नावे, शेतीची अवजारे, ओव्या ह्यांच्या आधारे करतो. आजाराचे बोलणे त्यात क्वचितच येते. घाटी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील रांग आणि पुंडलिकनगरातील औषधांचे दुकान ही भाषाशास्त्राची क्षेत्रेच आहेत. तेथे कोणत्या लक्षणाला कोणते क्रियापद लागते, कर्ता केव्हा येतो व केव्हा गळतो, ‘गरम’ म्हणजे किती वेगवेगळ्या गोष्टी, ह्यांची काळजीपूर्वक सूची झाली तर ती वैद्यांच्या हाती देता येईल. त्या सूचीतील पहिली नोंद अशी असावी : ‘पेशी कमी झाल्या’ असे कोणी म्हटल्यास दोन प्रश्न विचारावेत. कोणत्या पेशी? आणि गेल्या महिनाभरात कोणते औषध सुरू केले?